रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर टाकली की रंगाचं पाणी उन्हात साफ होतं अशा बातम्या अधूनमधून पेपरात येतात, आणि आम्हा इचलकरंजीकरांना त्या वाचून बरं वाटतं, कारण इथला काळा ओढा आम्ही रोज बघतो आणि तो पुढं पंचगंगेलाच मिळतो. संशोधन खरं आहे, पण बातमीत एक गोष्ट कायम राहून जाते.

पेंटमध्ये असते तीच ही पांढरी पावडर. पांढरी आहे म्हणजेच दिसणारा प्रकाश ती शोषत नाही, तिला अल्ट्राव्हायोलेट लागतो आणि उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. म्हणून तिच्यावर डाय, म्हणजे रंगद्रव्य, चढवतात. डाय उजेड शोषतो, त्याचा इलेक्ट्रॉन पावडरीत उतरतो, तिथून पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतो आणि तो ऑक्सिजन मग घाण तोडायला लागतो. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रॅट्झेल या शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर सोलर सेल केला होता. फरक एवढाच की सेलमध्ये डायला त्याचा इलेक्ट्रॉन परत मिळतो, इथं मिळाला नाही तर डायच तुटतो.

आता प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात डाय आधीच असतो, त्यामुळं बाहेरून काही चढवायची पण गरज नाही, घाणच उजेड धरून स्वतःला तोडते, हे मला खरंच भारी वाटतं. पण अडचण पण इथंच आहे, रंग तुटला की उजेड धरणारंच कोणी उरत नाही, काम मंदावतं, आणि रंगाचे तुटलेले तुकडे, त्यातल्या बेंझिनच्या कड्या, सायझिंगचा (सुताला खळ लावतात त्याचा) स्टार्च, मीठ हे सगळं बऱ्यापैकी तसंच राहू शकतं. बाटलीतलं पाणी मात्र नितळ, फोटोत एकदम मस्त. आणि काही रंग तर नुसता पावडरीला चिकटतो, बाटली अंधारात ठेवली तरी पाणी फिकं होतं.

म्हणून विनंती आहे, अशी बातमी करताना रिपोर्टरनी सीओडी (पाण्यातली घाण तोडायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) किती उतरला ते विचारावं, अंधारातल्या बाटलीत किती रंग गेला ते पण विचारावं, आणि रंग नसलेला एखादा प्रदूषक त्याच उजेडात तुटतो का हे तर नक्कीच. मिथिलीन ब्लू हा निळा डाय घेऊन प्रोजेक्ट करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना पण त्यांच्या सरांनी हेच विचारावं. हे आकडे हातात असतील तर बातमी खुशाल पहिल्या पानावर घ्या, आम्ही ती इथल्या प्रोसेसवाल्यांपर्यंत स्वतः घेऊन जाऊ.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, इचलकरंजी