बाबांच्या रिपोर्टमधलं म्यूसिन

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या जठराच्या लातूरच्या बायोप्सी रिपोर्टात ‘म्यूसिन’ वाचून तुम्ही दोघं धास्तावलात, म्हणून सविस्तर लिहिते.

म्यूसिन हा रोग नव्हे. आई, भेंडी चिरताना हाताला येतो तसला बुळबुळीतपणा. फक्त शरीरातला हा पदार्थ साखरेच्या साखळ्या लागलेल्या प्रथिनांचा. जठराला स्वतःच्याच आम्लापासून तोच वाचवतो. बघायचं असतं ते म्यूसिन कुठल्या जातीचं आणि कुठे आहे.

साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात जात नीट ओळखू येत नाही. त्यासाठी तुकड्याचा ३-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप अल्शियन ब्लू या निळ्या रंगात, पीएच (आम्लतेचं माप) २.५ ला, सुमारे ३० मिनिटं ठेवतात. धुऊन पिरियॉडिक आम्ल ५-१० मिनिटं, पुन्हा धुऊन किरमिजी रंग आणणारं शिफचं द्रावण १५ मिनिटं, मग वाहतं पाणी १० मिनिटं. जठराचं नेहमीचं म्यूसिन किरमिजी दिसतं, आतड्यातल्या गॉब्लेट (म्यूसिन बनवणाऱ्या) पेशींचं निळं. शिफची बाटली आधीच गुलाबी झाली असेल तर ती टाकूनच द्यावी. अल्शियन ब्लूचा पीएच १ वर उतरला तर फक्त सल्फेटवालं म्यूसिन रंगतं आणि बाकीचं निळं हुकतं. म्हणून दर खेपेला सोबत निरोगी आतड्याची स्लाइड रंगवायचीच.

बाबांच्या तुकड्यात निळ्या गॉब्लेट पेशी आहेत. म्हणजे जुन्या सुजेमुळे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी आल्यात. हा कॅन्सर नाही. लक्ष मात्र ठेवावं लागतं. एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूची तपासणी राहिली असेल तर करून घ्या.

खरी काळजी असते ती म्यूसिनने फुगून केंद्रक कडेला दाबलेल्या, सुट्या पसरलेल्या ‘सिग्नेट रिंग’ पेशींची. रिपोर्टात त्या नाहीत. चरबी भरलेल्या फेसाळ पेशीही अशाच भासतात, पण त्यांच्यात म्यूसिन नसतं, त्यामुळे याच रंगाने त्या वेगळ्या काढता येतात.

पुढच्या दुर्बिणीच्या वेळी डॉक्टरांना ५ तुकड्यांबद्दल विचारा: जठराच्या खालच्या भागातले २, वळणावरचा १, मधल्या मुख्य भागातले २. जागेप्रमाणे बाटल्या वेगळ्या, त्यांवर नाव आणि जागा. तुकड्याच्या निदान १० पट १०% फॉर्मॅलिन हवं. सलाईनमध्ये ठेवला तर पेशी कुजू लागतात.

आताच्या तपासणीचा मेणाचा ब्लॉकही (मेणात बसवलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या. नुसत्या स्लाइडवरून मला नवा काप काढून रंगवता येणार नाही. आणि बाबा, तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं.

तुमची लेक