स्मारकावरचे नाव पूर्ण आणि बिनचूक असावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २६ जुलैला कारगिल विजय दिन आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातील, शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतील आणि स्वातंत्र्यदिनी पुन्हा हाच कार्यक्रम होईल. त्यानिमित्त एकच मागणी आपल्या दैनिकातून मांडू इच्छितो. खानदेशातील प्रत्येक स्मारकावरचे प्रत्येक नाव तपासले जावे, ते पूर्ण लिहिले जावे आणि टिकेल असे कोरले जावे. स्मारकाचा चौथरा केवढा, कळस कसला, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यावर गावात पुष्कळ चर्चा होते. दगडावर नेमके काय कोरायचे आहे याकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हे मला फार खटकते.

आपल्याकडील बहुतेक फलक संगमरवराचे असतात. अक्षरे उथळ कोरून त्यांत काळा रंग भरलेला असतो. खानदेशच्या उन्हात तो रंग चार-पाच उन्हाळ्यांतच सुटू लागतो, आणि आधी जातात ते अनुस्वार, वेलांट्या व रफार, कारण तेथे छिन्नी सर्वांत कमी खोल गेलेली असते. मग एखाद्या राष्ट्रीय सणाच्या आदल्या दिवशी कोणीतरी ऑइलपेंटचा डबा आणतो आणि चौथऱ्याबरोबर फलकालाही एक हात मारतो. असे थर चढत गेले की अक्षरांच्या खाचा बुजतात आणि जवळ उभे राहून बोट फिरवल्याशिवाय नाव लागत नाही. रंग देणाऱ्याच्या मनात आदरच असतो यात शंका नाही, परंतु त्या आदरापोटीच नाव नाहीसे होते.

त्याहून गंभीर बाब अपुऱ्या नावांची आहे. खानदेशात पाटील हे आडनाव किती घरांत आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एकाच गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील असतात आणि त्यांना आप्पा, नाना, भाऊसाहेब अशा घरगुती नावांनी ओळखले जाते. अशा गावात फलकावर वडिलांचे नाव नसेल, तर तो जवान कोणाच्या घरचा हे पुढच्या पिढीला कळण्याचा मार्गच उरत नाही. आमच्या भागातील एका फलकावर जवानाच्या वडिलांचे नाव चुकीचे कोरलेले आहे. त्याच्या आईला वाचता येत नाही. कार्यक्रम संपून माणसे पांगली की ती फलकाजवळ येते आणि ओळखीचा कोणी दिसला की विचारते, “मना पोऱ्यानं नाव कोठे शे?” (माझ्या मुलाचे नाव कुठे आहे?) तिला ओळ दाखवली की ती त्या ओळीवर हात ठेवते. त्या ओळीत तिच्या नवऱ्याचे नाव नाही, दुसऱ्याच कोणाचे आहे, हे तिला सांगण्याचे धैर्य आजवर कोणाला झालेले नाही. ही दुरुस्ती कागदोपत्री अगदी लहान आहे, पण ती कोणी करायची हेच ठरलेले नसल्यामुळे वर्षानुवर्षे तशीच राहिली आहे.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी, असे काही जण विचारतात. त्याचे उत्तर आपल्या युद्धांच्या इतिहासात आहे. आज जवानाला वीरमरण आले की तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव गावात येते, हजारो लोक अंत्यदर्शन घेतात आणि गावाच्या शिवारातच अंत्यसंस्कार होतात. ही पद्धत प्रामुख्याने १९९९ च्या कारगिल युद्धापासून रूढ झाली. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत धारातीर्थी पडलेल्या बहुतेक जवानांवर रणभूमीच्या आसपासच अंत्यसंस्कार झाले. गावी आली ती तार, आणि मागाहून काही चीजवस्तू. त्या कुटुंबांना अंत्यदर्शन मिळाले नाही आणि चितेची जागाही पाहता आली नाही. गावच्या स्मारकावरची एक ओळ, एवढीच त्यांच्यासाठी त्या माणसाची जागा आहे. ती ओळ अशुद्ध किंवा अर्धवट असणे ही म्हणूनच किरकोळ चूक मानता येत नाही.

त्याही मागे गेले तर नावाऐवजी नुसता आकडा आढळतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत लहान शिळा बसवल्या. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यांपैकी इतकी मरण पावली, एवढाच मजकूर त्यांवर असे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या, कूतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडल्यावर उरलेले शिपाई कैदेत गेले. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिलेली आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, हे खरे. परंतु गावातल्या माणसाला स्वतःच्या पणजोबांचे नाव शोधायला दिल्लीला जावे लागावे, यात गावाचे काही कर्तव्य उरतच नाही का? परक्या सरकारने शिपायाची शिरगणती करून विषय संपवला, हे समजू शकते. आपल्याच गावाने तसे करू नये.

यादी करताना खानदेशात एक खास अडचण येते आणि ती ठाऊक नसल्याने नावे निसटतात. जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील शिपायाच्या कागदावर पूर्व किंवा पश्चिम खानदेश असा जिल्हा सापडतो, आणि १९६५ किंवा १९७१ मध्ये पडलेल्या शहादा, तळोदा, नवापूरच्या जवानाचा जिल्हा धुळे असतो. आजच्या नंदुरबारची यादी करणाऱ्याने ‘नंदुरबार’ एवढाच जिल्हा शोधला, तर त्याला ही माणसे मिळणारच नाहीत. त्यात रोमन लिपीतून मराठीत येताना गावाचे नाव आणि आडनाव दोन्ही बिघडतात.

सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे हे जवानांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. खानदेश म्हटले की कापूस आणि केळी आठवतात. येथूनही पोरे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेली, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. धरणगावला तर १८२५ च्या सुमारास जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली होती. आपल्याकडे गावागणिक एक-दोनच नावे विखुरलेली आहेत. त्यांची एकत्र नोंद कोणी ठेवत नसल्यामुळे ती लवकर विसरली जातात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसवले गेले, त्यामागचा हेतू उत्तम होता. परंतु काम मोजक्या दिवसांत उरकायचे असल्याने, मी पाहिलेल्या काही फलकांवर वरचा ठरलेला मजकूर ठळक आहे आणि गावच्या वीरांची नावे तेवढी तोकडी आहेत. केंद्रीय राखीव पोलीस दल आणि सीमा सुरक्षा दलात खानदेशची असंख्य मुले आहेत. ‘सैन्यात नव्हता’ असे म्हणून त्यांच्यापैकी हुतात्मा झालेल्याचे नाव वगळल्याचेही मी ऐकले आहे. दिल्लीत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी पोलीस दलांचे आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी सैन्यदलांचे अशी दोन वेगळी राष्ट्रीय स्मारके राष्ट्राला अर्पण झाली, ती व्यवस्था तेथे योग्यच आहे. गावाला मात्र दोन स्मारकांची गरज नाही आणि गावाने आपल्या मुलांत असा भेदही करू नये.

हे काम फार खर्चाचे नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तालुक्याची यादी मागवता येते, जवानाच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहून दिनांक व ठिकाण पडताळता येते आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरील २५ हजारांहून अधिक नावांशीही ताळा घेता येतो. त्यानंतर ही यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, मतदार यादीसारख्या हरकती मागवाव्यात, आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव, हुद्दा, पलटण, वीरमरणाचा दिनांक व ठिकाण एवढे कुटुंबाकडून तपासून घेतल्यावरच कारागिराच्या हाती द्यावे. दगड आपलाच काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट असावा आणि अक्षरे खोल असावीत, म्हणजे रंग गेला तरी वाचता येतील. देखभाल कोणाकडे आहे हे ठरावात लिहून ठेवावे. फलकाला रंग लावू नये, ही एक ओळही त्यात असावी. जुना फलक बदलायचा असेल तर त्यावरचा मजकूर आधी उतरवून त्याचे छायाचित्र ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावे, कारण काही गावांत तीच एकमेव नोंद असू शकते.

नंदुरबार शहराने हे आपल्या परीने करून दाखवले आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता यांच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे हुतात्मे झाले, आणि आज ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही त्यांची नावे पूर्ण घेतली जातात. ते सैनिक नव्हते, परंतु नावे कशी जपावीत याचा धडा आपल्याच प्रदेशात आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी की, २६ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात तिन्ही जिल्ह्यांतील स्मारकांवरची नावे तालुकावार प्रसिद्ध करावीत आणि कुटुंबीयांकडून व गावकऱ्यांकडून दुरुस्त्या मागवाव्यात. आमच्या तालुक्यातील फलकांवरची नावे उतरवून आपल्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
पारोळा, जि. जळगाव