टाके घातले, पुढचं कोण सांगणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

संक्रांत आली की मांजाने हात कापल्याच्या बातम्या आपल्याकडे छापून येतात, 'यशस्वी शस्त्रक्रिया' असं लिहिलं की बातमी संपते, पण खरं काम तिथूनच सुरू होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं म्हणून लिहितेय.

माझ्या दिरांचा शहाळं सोलताना कोयता सटकला आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापाशी कापलं गेलं. आपण नस कापली म्हणतो पण ती टेंडन, स्नायूची ओढ बोटाच्या हाडापर्यंत नेणारी दोरी. ऑपरेशन चांगलं झालं, स्प्लिंट (बोटं थोडी वाकलेली धरून ठेवणारी हाताच्या मागची कडक पट्टी) लावली, टाके काढायला या म्हणाले, व्यायामाचं कुणी बोललंच नाही. घरात आम्ही सगळे एकच सांगत बसलो, हलवू नका, टाके तुटतील. ६ आठवडे हात तसाच. आता दुसऱ्या हाताने वाकवली तर बोटं वाकतात, आपणहून मूठ वळत नाही.

नंतर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं की ही दोरी अरुंद नळीतून सरकते, हलवली नाही तर भरताना नळीलाच चिकटते. म्हणून तर पूर्वी सर्जन बोटाच्या या भागाला 'नो मॅन्स लँड', म्हणजे जिथे हात घालू नये अशी जागा, म्हणायचे आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत हाताचे सर्जन क्लाइनर्ट यांनी रबर बँड लावून लवकर हालचाल सुरू करून दाखवली. आता तर बहुतेक पेशंटना पहिल्या आठवड्यातच व्यायाम देतात, स्प्लिंट न काढता, दुसऱ्या हाताने बोट तळव्याकडे दाबायचं आणि मग स्प्लिंटला टेकेल इतकंच सरळ करायचं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि ते सुद्धा थेरपिस्टने शिकवल्यावरच.

पण हलवायचं म्हणजे वापरायचं नाही हो! आमच्या शेजारच्या मुलाने तिसऱ्या आठवड्यात स्प्लिंट काढून गाडीचा क्लच दाबला आणि शिवलेली टेंडन तुटली, परत ऑपरेशन. जड काम साधारण १२ आठवडे नाहीच.

माझं मागणं एवढंच की डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत चित्रांसकट एक कागद द्या, थेरपिस्टची तारीख त्याच दिवशी द्या, आणि तुम्हीही मांजाच्या बातमीशेजारी हे चौकटीत छापा. दिरांना आता चिकटलेली टेंडन सोडवायला पुन्हा ऑपरेशनला जायचंय आणि या वेळी दुसऱ्या दिवसापासून व्यायाम करून घ्यायला मी स्वतः शेजारी बसणार आहे.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी जिल्हा