रविवारच्या पुरवणीत दोन आकडे छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं असते, सुडोकू असते, राशिभविष्य तर मस्त ऐसपैस असते. माझं मागणं एवढंच का त्यातला चार बोटं कोपरा पोट्ट्यांना द्या, त्यात फक्त एखाद्या जागेचे दोन आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, अन् एक प्रश्न छापा. काहून म्हणतो ते सांगतो.

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कोणीतरी डब्बा लपवून ठेवते, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकते, बाकीच्यांनी जीपीएस पाहत पाहत तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, आतली एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची अन् डब्बा होता तसा परत. २ मे २००० ला अमेरिकेनं साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, त्याआधी शंभरेक मीटरचा फरक पडायचा, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या ओरेगॉन राज्यात एकानं बादलीत सामान भरून ठेवलं अन् जागेचे आकडे जाहीर केले, तिथून हे सुरू झालं.

नाताळच्या सुट्टीत भाचा नागपूरहून आला होता, दिवसभर मोबाईलवर. म्हटलं मोबाईल घेऊनच चाल मग. ॲपवर आमच्या गावाच्या आजूबाजूला एकही डब्बा दिसला नाही, म्हणून सकाळीच जाऊन मी घरचा जुना स्टीलचा डब्बा नाल्याकाठच्या आंब्याच्या ढोलीत ठेवून आलो, आत वही, पेन्सिल, गोट्या, एक भवरा. खायचं काही ठेवलं नाही, मुंग्या अन् माकडं आपल्याआधी खेळ जिंकतात.

पांदणीनं निघालो. भाचेसाहेबांना शाळेत दशांश अपूर्णांकाचा भारी कंटाळा, पण इथं थोड्या वेळातच, "मामा, एवढं चाललो तरी तिसरा आकडा एकानंच बदलला, चौथा मात्र सारखा पळून राहिला ना!" मग धुऱ्यावर बसून हिशेब झाला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा शंभरेक मीटरचा, चौथा अकराएक मीटरचा, पाचवा जवळपास एका मीटरचा. हे त्याला पुस्तकातून समजलं नसतं असं मी म्हणत नाही, पण वावरात चालता चालता लवकर समजलं. मधात तुरीच्या शेंगा खाल्ल्या (वावरवाल्याला विचारून), बोरं खाल्ली, अन् कोणत्या वावराला रानडुकरासाठी झटका तार लावली आहे ते आधीच विचारून ठेवलं होतं म्हणून त्या बाजूला गेलोच नाही.

आंब्याखाली गेल्यावर मोबाईलमधला बाण वेड्यासारखा फिरायला लागला. दाट झाडाखाली असं होते, अन् जागेवर उभं राहिलं का नुसत्या जीपीएसला दिशाही नीट समजत नाही. मग मोबाईल खिशात टाकून डोळ्यानं शोधायचं, खरी मजा तिथंच आहे. हात घालण्याआधी काठीनं हलवून पाहायचं, इचू-साप असू शकते. पोट्ट्यानं मुळ्या पाहिल्या, ढोली पाहिली, गोटे पालथे केले. डब्बा गायब! माझंही तोंड पाहण्यासारखं झालं असेल.

थोडं पुढं बाभळीच्या फांदीला गमछ्यानं बांधलेला डब्बा दिसला, अन् सावलीत ढोरकी बसलेला. म्हणे कोणाचातरी जेवणाचा डब्बा राहिला वाटते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून वर टांगून ठेवला, उघडून पाहिला तर गोट्या, म्हटलं कोण बापा दुपारी गोट्या खाते! भाच्यानं त्यालाच खेळ समजावला अन् वहीत पहिलं नाव त्याचं लिहून घेतलं. ते नाव लिहिताना पोट्ट्याच्या चेहऱ्यावर जो रुबाब होता तो तलाठ्याच्याही चेहऱ्यावर नसते.

पण यातूनच माझ्या डोक्यात आलं का आपल्याकडं डब्ब्याचा खेळ अवघड आहे. चांगला डब्बा कोणी सोडत नाही, अन् बसस्टॅंडजवळ किंवा देवळात बेवारस डब्बा ठेवला तर पोलीस बोलवतील, बरोबरच आहे त्यांचं. मेळघाट, नागझिऱ्यासारख्या जंगलात तर असं काही ठेवायचंच नाही.

त्याच खेळात २००४ पासून अर्थकॅश (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) म्हणून एक प्रकार आहे, त्यात डब्बाच नसते. आकडे घेऊन जागेवर जायचं, तिथली जमीन, दगड, पाणी पाहायचं अन् प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आपल्या विदर्भाला हा प्रकार अगदी फिट बसते. समजा तुम्ही छापलं १९.९७६ आणि ७६.५०८, नकाशात टाकलं का लोणारचं तळं येते, प्रश्न विचारा का काठावरच्या धारेचं पाणी गोडं अन् तळ्याचं खारं, हे कसं? नागपूरवाल्यांना काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं द्या, एका वर्तुळातले गोटे मोजायला लावा. अन् गावोगावी जुनी बारव असते, हेमाडपंती देऊळ असते, पायऱ्या मोजा, खांबावर काय कोरलं ते सांगा. त्याला खर्च काय लागते?

तीन गोष्टी मात्र पाळा. कोणाच्या खाजगी वावरातली जागा न विचारता छापू नका, खोल विहिरीची जागा देऊच नका, अन् मार्च ते जून हा कोपरा बंद ठेवा, आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालवा, उत्तर पुढच्या रविवारी छापा. पहिलं कोडं पाहिजे असेल तर आमच्या गावच्या बारवेचं मी पाठवतो, सरपंचांना विचारून ठेवलं आहे.

आपला,
एक नियमित वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा