मुलांच्या फोटोंवर अक्षांश-रेखांश कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोटोतील लोकेशन काढून टाकण्याविषयीचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. त्यातील उपाय बरोबर आहेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील लोकेशन टॅग बंद करणे, आयफोनवरून फोटो पाठवताना ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन लोकेशन वगळणे, संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमधून वैयक्तिक माहिती पुसणे, हे सर्वांनी करावेच. २०१२ मध्ये पोलिसांपासून लपलेले अँटिव्हायरस-निर्माते जॉन मॅकअफी यांचा ग्वाटेमालातील ठावठिकाणा एका फोटोच्या एक्झिफ माहितीवरून (फाइलमध्ये आपोआप नोंदल्या जाणाऱ्या वेळ-ठिकाणावरून) उघड झाला होता, हे उदाहरणही योग्य आहे. परंतु ज्या राज्यात शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना ‘जीपीएस कॅमेऱ्याचाच फोटो टाका’ असे वरून बजावले जाते, तेथे केवळ सेटिंग बंद करण्याचा सल्ला पुरा पडत नाही. लेखात या प्रकाराचा एका ओळीनेही उल्लेख नसावा, याचे फार वाईट वाटले.

हे जीपीएस कॅमेऱ्याचे फोटो आता गावोगाव सर्वांच्या परिचयाचे आहेत. खाली काळी पट्टी, तिच्या डाव्या कोपऱ्यात छोटा नकाशा, शेजारी गाव, तालुका, पिनकोड, अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ. साध्या फोटोतील लपलेले लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना निघून तरी जाते (फोटो फाटतो म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला तर मात्र तसेच राहते, हेही लेखात यायला हवे होते). पट्टीवरचे आकडे चित्राचाच भाग असल्याने कोणत्याही सेटिंगने निघत नाहीत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढे पाच आकडे दिले की ते अंतर साधारण एक मीटरवर येते. मोबाइलची थोडीफार चूक धरली तरी वस्तीतले घर चुकत नाही.

माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तिला दुसरीच्या वयाची एक मुलगी सापडली. बापाच्या मारहाणीला कंटाळून आई तिला घेऊन भावाकडे राहायला आली होती आणि आपण कोठे आहोत हे सासरी कळू नये म्हणून जपत होती. भाचीने मुलीला शाळेत दाखल करून घेतले आणि आदेशाप्रमाणे मामाच्या दारात उभे करून तिचा जीपीएस फोटो ग्रुपवर टाकला. तो वरच्या ग्रुपवर गेला आणि तेथून कोणीतरी खालच्या पट्टीसकट एका सार्वजनिक फेसबुक पानावर ‘अभिनंदन’ म्हणून चढवला. आठवडा उलटायच्या आत तिचा बाप गावात कोणालाही पत्ता न विचारता त्या दारात येऊन उभा राहिला. शेजारी धावून आले म्हणून पुढचा प्रसंग टळला, पण मायलेकींनी दुसऱ्याच दिवशी गाव सोडले. शाळाबाह्य मुले शोधण्याच्या कामातच ती मुलगी पुन्हा शाळेबाहेर गेली. भाचीने वरिष्ठांना हे कळवले, तेव्हा ‘फोटोशिवाय भेट ग्राह्य धरता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचा जिओ टॅग (म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला) फोटो मी समजू शकते. तेथे सरकारी पैशाने बांधकाम झाले की नाही हे पाहायचे असते आणि तो फोटो ठरलेल्या अ‍ॅपमधून पोर्टलवर जातो. लहान मुलगी किंवा गरोदर बाई हे बांधकाम नव्हे. कर्मचारी प्रत्यक्ष घरी गेला होता का, हे तपासायचे असेल तर ठिकाणाची नोंद अ‍ॅपमध्ये वेगळी घेता येते. ती माणसाच्या चेहऱ्याखाली छापून शेकडो जणांच्या ग्रुपवर फिरवण्याची काहीही गरज नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्या आईला मात्र कोणी काही विचारले नव्हते. शिक्षण, आरोग्य आणि महिला व बालविकास या खात्यांनी मुलांच्या व स्त्रियांच्या फोटोंवरील ही पट्टी तातडीने बंद करावी, आणि तोपर्यंत निदान ती कापूनच फोटो पुढे पाठवावा, असे लेखी आदेश काढावेत.

आणखी एक गोष्ट आपल्याच वृत्तपत्राविषयी. बालदिनाच्या छायाचित्र स्पर्धेसाठी आपण पालकांना ‘मूळ आकारातील फोटो ई-मेलनेच पाठवावेत, व्हॉट्सअ‍ॅपवर नकोत’ असे आवाहन केले होते. मूळ फाइलबरोबर घरचे लोकेशनही आपल्याकडे आले असणार. संकेतस्थळावर ते फोटो टाकण्यापूर्वी ही माहिती काढली होती काय, आणि त्या फाइल अजून कोणाकडे आहेत, याचा खुलासा आपण याच सदरात करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, जि. सातारा