वाशिष्ठीची वाट आखून द्या : बंदरे विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

केंद्राच्या २०१६ च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यातला अठ्ठाविसावा आमचा : दाभोळच्या मुखापासून पेढे येथील पुलापर्यंत, ४५ किलोमीटरची दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी नदी. कागदावर राष्ट्रीय झालेल्या या मार्गावर चिपळूणच्या गोवळकोट धक्क्याच्या खाली उतरलं, की आम्हाला वाट दाखवतात त्या भोई-खारवी मासेमारांनी आपापल्या सोयीने रोवलेल्या काठ्या. त्यातली कुठली काठी जाळ्याची आणि कुठली खोल पाण्याची, हे ज्याने रोवली त्यालाच ठाऊक.

आम्ही म्हणजे चिपळूण, गुहागर, दापोलीकडचे काही हौशी बोटवाले. यॉट वगैरे डोळ्यासमोर आणू नका. पंधरा-सोळा फुटी फायबरच्या बोटी, मागे आउटबोर्ड इंजिन, पुढे डब्यात भाकरी आणि सुकट. कोणी शिक्षक, कोणी गॅरेजवाला, एकदोघे मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले. पाऊस सरला की सुट्टीच्या दिवशी तीन-चार बोटी मिळून निघतो. एकट्याने सहसा जात नाही, कारण एकीचं इंजिन बंद पडलं तर दुसरीने ओढून आणायचं, हा आमच्यातला पहिला नियम. पुढच्या बोटीवर शक्यतो खाडीकाठचाच एखादा तांडेल, म्हणजे खाडी जाणणारा जुना नावाडी, असतो. ओहोटी लागली की गोवळकोटहून सुटायचं, पाण्याबरोबर खाली जायचं, दाभोळला जेवायचं आणि भरतीवर बसून परत यायचं. पेट्रोल वाचतं आणि घाई करावी लागत नाही.

हा रस्ता नवा नाही. मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि तिथून लहान लाँचमधून माणसं खाडीतून गोवळकोटला, म्हणजे चिपळुणात यायची. आमच्या आज्यांची माहेरपणं या पाण्यावरून झाली. गाडीरस्ते झाले, लाँच गेल्या आणि खाडीकडे पाठ करून घरं बांधायची पद्धत पडली.

वाशिष्ठीची आणखी एक गोष्ट मुंबईत बसून सहज लक्षात येत नाही. कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिल-मे महिन्यात आटतात. ही आटत नाही, कारण हिच्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडून दिलेलं पाणी, येतं. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरलेलं आहे. पोफळीची वीज करून ते कोळकेवाडीला येतं, तिथून अलोऱ्याला पुन्हा टर्बाइन फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीत सुटतं. म्हणजे आमच्या नदीला एक भरती समुद्राची आणि दुसरी वीज मंडळाची! खालून चंद्र पाणी चढवतो, वरून विजेची मागणी. वर किती वीजसंच चालू आहेत यावर गोवळकोटच्या अंगाला पाणी हातभर इकडेतिकडे होऊ शकतं, आणि हातभर पाणी म्हणजे आमच्यासाठी इंजिनाचा पंखा फिरणं किंवा वाळूत रुतणं. समुद्राच्या भरतीचं कोष्टक कॅलेंडरवरही मिळतं. अवजलाची आगाऊ वेळ काठावरच्या माणसाला कुठे वाचायला मिळते? रोज एक ओळ फलकावर लिहायला किंवा मोबाइलवर पाठवायला काय लागतं? हे अवजल आणखी कुठे कुठे नेण्याच्या योजना अधूनमधून निघतात. त्या बैठकांत खाडीचा विषय निघाल्याचं आमच्या तरी ऐकण्यात नाही.

आता मुख्य मागणी. गोवळकोट ते दाभोळ खोल पाण्याची वाट आखून द्या. मी ड्रेजर मागत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण खाडी म्हटली की शासनाला आधी ड्रेजर आणि मग वाळू आठवते. २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण बुडालं, मग लोकांनी आंदोलन केलं आणि नदीतला गाळ निघू लागला. ते योग्यच झालं. खालच्या खाडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. आज दहा फूट खोल असलेली वाट पुढच्या दिवाळीत जुवाच्या, म्हणजे खाडीतल्या बेटाच्या, दुसऱ्या अंगाला गेलेली असते. ती खोदत बसण्यापेक्षा पाऊस संपल्यावर दरवर्षी एकदा खोली मोजावी, डाव्या-उजव्या हाताच्या खुणा ठळक रंगात रोवाव्यात, खडपांवर कायमचे खांब उभारावेत आणि चार ठिकाणी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. मोजणीला बाहेरची कंपनी आणलीत तरी सोबत परचुरी, मालदोली, करंबवण्याकडचे तांडेल घ्या, आणि त्यांना त्याचे पैसे द्या. यंत्र खोली सांगेल. दांडा कुठे सरकतोय हे तांडेल सांगेल.

आपल्याकडे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला. खाडीत बोटवाला आणि मासेमार यांचं भांडण होण्याचं कारण एकच असतं, जाळं. डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेलं पिशवीसारखं जाळं, लावलेली असते, वर खूण म्हणून एखादी बाटली तरंगत असते, आणि उन्हाच्या तिरीपेत ती दिसत नाही. पंखा अडकतो, जाळं फाटतं, आमचा दिवस जातो आणि त्याचा महिना जातो. वाट आखली तर जाळं वाटेबाहेर लावता येईल आणि बोट वाटेत राहील. पण ती मच्छीमार सोसायट्यांना बसवून आखा, नाहीतर उद्या ‘जलमार्गात अडथळा’ म्हणून भोयांचीच जाळी उचलली जातील. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतले मासे मरतात ही त्यांची तक्रार जुनी आहे. तिच्यावर काही न करता त्यांना वर पर्यटनासाठी बाजूला व्हा म्हणणं बरं दिसणार नाही.

वेगाचंही ठरवा. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी मगरी चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. त्या बघायला माणसं येतात, गावातल्या चार पोरांना त्यातून रोजगार मिळतो. तिथून एखादी स्पीडबोट सुसाट गेली की बोटीमागची लाट काठावर आपटते, मगरी पाण्यात जातात, कांदळवनाखालची माती सुटते आणि कालवं काढायला कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली बाई भिजते ती वेगळीच. मालदोली-परचुरीच्या पट्ट्यात वेगाला मर्यादा हवी, आणि ती आम्हालाही लागू करा.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, सुरक्षा साधनं असं सगळं आहे, आणि एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. उत्तम. पण आमच्यातला एक जण एका कार्यालयात बोट नोंदवायला गेला, तर त्याला विचारलं, प्रवासी की मासेमारी? तो म्हणाला, दोन्ही नाही, माझी मी फिरवतो. यावर त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. घरच्या लहान बोटीसाठी साधा वेगळा फॉर्म, तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तपासणीचं शिबिर आणि चालवणाऱ्याची पाण्यात घेतलेली परीक्षा एवढं करा. परीक्षा कडक घ्या, आमची हरकत नाही. मे २०२४ मध्ये उजनी धरणाच्या पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी केरळात तानूरला पर्यटकांची बोट बुडून २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट होती, फेरफार करून माणसं भरायला काढलेली. असं काही घडलं की चार दिवस सगळ्या बोटी बंद, मग लाइफ जॅकेटांचे फोटो, मग पुन्हा पहिले पाढे. आम्ही जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडत नाही, पण त्यामागे कुणाची तपासणी नाही, आमचाच हट्ट आहे.

जेट्यांबद्दल मात्र जरा तपशिलात बोलायला हवं. उधाणाला इथे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. सिमेंटची उंच जेटी भरतीला सुंदर दिसते. ओहोटीला तिच्या पायऱ्या चिखलात संपतात आणि म्हाताऱ्या माणसाला दोघांनी धरून वर ओढावं लागतं. पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के लावा. गोवळकोट, मालदोली, परचुरी, दाभोळ असे चार पुरेत, मोठे नकोत. आणि रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा पूल दाभोळच्या खाडीवर झाला, की दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं काय व्हायचं ते होईल, पण तिचे दोन्ही काठांवरचे धक्के मोडू नका किंवा कुणा रिसॉर्टला देऊ नका. लहान बोटींना ते आयते मिळतील. हे आत्ताच लिहून ठेवा, पुलाच्या उद्घाटनानंतर कुणाला आठवणार नाही.

कोयनेच्या शिवसागर जलाशयात मुनावळ्याला शासनाने जलपर्यटन केंद्र काढलं, तसलंच काही इथेही आणायचं बोलणं निघेल. यायला हरकत नाही. पण आधी वाट, मग धक्के, मग बाकीचं. उलट क्रमाने केलंत तर जेट स्की येतील आणि त्या पहिल्याच हिवाळ्यात दांड्यावर चढतील.

पाहणीला आपण यावं ही विनंती. साहेबांच्या भेटी नेमक्या भरतीच्या वेळी ठरतात, तेव्हा खाडी भरलेली असते आणि सगळं ठीकच दिसतं. आपण अमावास्येला किंवा पौर्णिमेला या. त्या दिवशी दाभोळला खालचं पाणी भल्या सकाळी असतं, वर गोवळकोटला ते आणखी उशिरा पोचतं. आठला गोवळकोटहून निघू, तांडेल आमचा, बोट आमची, जॅकेट आपल्या मापाचं आणून ठेवतो. सोबत खोली मोजणारा एक अभियंता आणा, आणि पत्रकार आणायचे असतील तर दोनच आणा, जास्त वजन झालं तर पहिल्याच दांड्यावर सगळ्यांना उतरून ढकलावं लागेल.

आपला,
दाभोळ खाडीतला एक हौशी बोटवाला,
चिपळूण, जि. रत्नागिरी