पिकअपला पडदा नको, हौद्याखाली हुक द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत नव्या पिकअप गाड्यांबद्दल जे छापून येतं, त्यात पडदा किती इंचाचा, ब्लूटूथ आहे का, गाडी कुठं उभी आहे ते मोबाइलवर दिसतं का, एवढंच असतं. हौदा जमिनीपासून किती उंच आहे हे कुणी लिहीत नाही. गुळाचे रवे, टोमॅटोचे क्रेट, दुधाचे कॅन चढवणाऱ्या हमालाला दिवसभर त्या उंचीशीच झगडायचं असतं. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला. माझी स्वतःची पिकअप आहे आणि ती मीच चालवतो. भाजी, गूळ, हंगामात मिळेल तो माल वाहतो. जुनी गाडी विकून नवी घेतल्यापासून मनात साठलेलं लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नाक्यावर उभ्या असलेल्या इतर गाड्यांच्या मालकांचंही रडगाणं थोड्याफार फरकानं हेच आहे.

आधी बेल. शेजारच्या सीटवर कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या की गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि पट्टा लावा म्हणून ती ओरडायला लागते. मागं फाळका खाली सोडून वाशे किंवा पाइप भरले की रिव्हर्सचा सेन्सर आपल्याच मालाला भिंत समजतो. दार अर्धवट उघडं ठेवून दोन हात गाडी पुढं घ्यायची, तर तिसरा आवाज. प्रत्येक आवाजामागं कुणाचा तरी चांगला हेतू असेल, नाही कशाला म्हणू. पण दिवसभर विनाकारण वाजणारी बेल माणसाला बहिरं करते, आणि खरंच ऐकायला हवं तेव्हा तो ऐकत नाही.

हे मी तर्कानं बोलत नाही. पट्टा न लावता बेल बंद ठेवणारी क्लिप बाजारात मिळते. पट्ट्याच्या कुलपात ती खुपसली की काम झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात पुढं आलं. त्यानंतर पट्ट्याचा विषय देशभर गाजला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विकायला मनाई केली आणि अशा १३ हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. मनाई योग्यच होती. मी पट्टा लावतो, पोरालाही लावायला लावतो. पण कोथिंबिरीसाठी वाजणारी बेल थोपवायला आणलेली क्लिप पुढं माणूस बसल्यावरही तशीच राहते, हे मी रोज बघतो. शेजारच्या सीटवर माल आहे असं गाडीला सांगणारं एक बटण दिलं असतं आणि इंजिन बंद केल्यावर ते आपोआप रद्द झालं असतं, तर क्लिपेची गरजच किती जणांना पडली असती?

दुसरं म्हणजे उभं राहिल्यावर आपोआप बंद पडणारं इंजिन. सिग्नलला डिझेल वाचतं म्हणे. वाचत असेल, पण आमचं उभं राहणं सिग्नलचं नसतं. वजनकाट्याच्या रांगेत पाच हात पुढं, थांबा, परत पाच हात पुढं, असं चालतं. तिथं दर वेळी इंजिन मरतं आणि दर वेळी स्टार्टर फिरतो. बंद करायचा स्विच आहे, पण चावी फिरवून गाडी नव्यानं चालू केली की तोही परत मूळ पदावर. म्हणजे नको म्हणून सांगितलेलं ही गाडी रात्रीत विसरते.

आता खरा खर्चाचा विषय, धुराचा फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावरच्या नियमांचा नवा टप्पा, भारत स्टेज सहा, देशभर लागू झाला. पाचवा टप्पा गाळून आपण चारवरून थेट सहावर आलो, आणि डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणलं गेलं. त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. कावळा नाक्याच्या चढाला जुन्या टेम्पोमागं दुचाकीवर ज्यानं धूर गिळलाय, तो तक्रार करणारच नाही. तक्रार आहे ती सांगण्याच्या पद्धतीची. हा फिल्टर काजळी धरून ठेवतो आणि ठरावीक साठली की ती आतल्या आत जाळतो. त्यासाठी सायलेन्सरमधली उष्णता साधारण ६०० अंशांपर्यंत चढावी लागते. ती चढायला गाडी बराच वेळ एका दमात, बऱ्यापैकी वेगानं पळायला हवी. आमची गाडी शाहू मार्केट यार्डातून लक्ष्मीपुरी, तिथून मंगळवार पेठ, तिथून कळंबा अशी थांबत थांबत जाते. इंजिन धड तापायच्या आत पुढचं दुकान येतं. मग काजळी साठते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ काय हे इंग्रजी पुस्तकात कुठंतरी मागच्या पानावर लिहिलेलं असतं.

दिवा पेटल्यावर मोकळी गाडी महामार्गानं कागलपर्यंत न थांबता पळवून आणली, तर बहुतेक वेळा काम भागतं. हे मला गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नाही, उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीनं सांगितलं. ज्यांना कुणीच सांगत नाही ते दिव्याकडं कानाडोळा करतात. मग गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते, चढाला रांगायला लागते आणि सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते. तिथं कॉम्प्युटर लावून काजळी जाळायचे पैसे वेगळे, आणि फिल्टर कामातून गेला असेल तर बिल ऐकून माणूस खालीच बसतो. वैतागून काही जण फिल्टरच कापून टाकतात. ते बेकायदा आहे आणि त्या गाडीमागून चालणाऱ्यांवर अन्यायही आहे. पण शहरातल्या शहरात फिरणाऱ्या भाजीवाल्याला डिझेलची पिकअप विकताना, तुझ्या फेऱ्या फिल्टरला मानवणार नाहीत, सीएनजीचा विचार कर, असं सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचाय. उलट, ‘काका, टॉप मॉडेलच घ्या, विकताना बरं पडतंय,’ हेच ऐकू येतं.

टॉप मॉडेल म्हणजे पडदा. हाताला ग्रीस, बोटाला गुळाचा चिकटा, आणि पंख्याचा वेग वाढवायला काचेवर बोट फिरवायचं. जुन्या गाडीत खटका होता, रस्त्यावरची नजर न काढता हात बरोबर जायचा. हे फक्त आम्हा गावाकडच्यांचं म्हणणं नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, चारी इंडिकेटर एकदम लावणं आणि मदतीचा कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल, तर गुण कापायचं ठरवलं. तिकडं खटके परत आणायला लागलेत आणि इकडं आम्हाला पडदा म्हणजे प्रगती म्हणून विकला जातोय.

ज्याची खरी गरज, ते मात्र नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. पिकअप त्याखाली येते. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन पायाशी घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्यांना एसी ही हौस, आणि ती बहुतेक महागड्या मॉडेलमध्येच पुरवायची, पडद्यासकट. नुसता एसी द्या, पडदा तुम्हाला ठेवा म्हटलं तर तसं मॉडेलच नाही म्हणतात.

गाडी कशी चालवली याचे गुण देणाऱ्या मोबाइलवरच्या ॲपबद्दल दोन ओळी पुरेत. माल घेऊन करूळ घाट उतरलो की रात्री ॲप मला कमी गुण देतं, का तर ब्रेक फार वापरले. घाटात ब्रेक नाही तर काय वापरायचं? हे गुण कुणाकुणाला दिसतात, गाडीच्या कर्जाचे हप्ते घेणाऱ्यांना दिसतात का, हे विचारलं तर शोरूममध्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

अमेरिकेत म्हणे पिकअपची केबिन वाढत वाढत घरातल्या सोप्यासारखी झाली आणि हौदा आखडत गेला. तिकडच्या एका गाडीचा मागचा फाळका सहा तऱ्हेनं उघडतो, त्याची पायरी होते, टेबल होतं. होऊ दे. तिथं बऱ्याच पिकअपमध्ये माल नसतोच, त्यांना परवडतं. आपल्याकडं फाळक्याला दोन कड्या आणि दोन साखळ्या बास आहेत, फक्त त्या जाड असाव्यात. आणि ताडपत्रीचा दोर आवळायला हौद्याखाली बाहेरून हुक हवेत. नव्या गाडीला नावापुरते होते. मी उद्यमनगरात वेल्डिंग करून आणखी बसवून घेतले, तर सर्व्हिस सेंटरवाल्यानं वॉरंटीची भीती घातली. त्याच गाडीच्या पुढच्या दिव्यात बल्ब बदलायची सोय नाही. एक दिवा गेला की अख्खा डबा बदलायचा. दिवा गेलेली गाडी रात्री यार्डात आली तर जुन्या काळी पानपट्टीशेजारच्या दुकानातून बल्ब आणून तिथंच बसवत होतो.

म्हणून आपल्या पुरवणीच्या मंडळींना एक विनंती. शोरूममधली गाडी मैदानात फिरवून बघण्यापेक्षा, हंगामात पहाटे मार्केट यार्डात या. हौद्याची उंची टेपनं मोजा, पुढच्या दिव्याची आणि जादा चावीची किंमत विचारा, भरलेली गाडी चढाला थांबवून परत उचलून बघा, आणि ते आकडे छापा. कंपन्यांकडं मागणी एकच आहे आणि तिला खर्चही फार नाही. डॅशबोर्डवरच्या प्रत्येक दिव्याचं चित्र, त्याचा अर्थ आणि तो लागल्यावर ड्रायव्हरनं काय करायचं, हे मराठीत छापलेला एक कागद लॅमिनेट करून उन्हाच्या झापेमागं चिकटवून द्या. फिल्टरच्या दिव्यापुढं ‘गाडी न थांबवता महामार्गावर पळवा’ एवढं जरी लिहिलं, तरी यार्डातल्या बऱ्याच जणांचं बिल वाचेल.

आपला,
एक पिकअपवाला वाचक
वडणगे, ता. करवीर, जि. कोल्हापूर